मिशनऱ्यांची चरित्रं आणि आपलं त्यागाचं जगणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळ्या, तरुण संघ, महिला मंडळं आणि घरच्या उपासनांमधून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं वाचण्याआधी एक विनंती. चरित्र वाचताना ‘यांनी काय सोडलं?’ एवढ्यावर थांबू नका. ‘त्याची किंमत कोणी कोणी मोजली?’ हेही विचारा. खालची बरीच उत्तरं या दुसऱ्या प्रश्नातून आली आहेत.

१. पवित्र शास्त्र असताना मिशनऱ्यांची चरित्रं कशाला वाचायची?

विश्वासासाठी शास्त्र पुरेसं आहे. चरित्राचा उपयोग वेगळा आहे. लूक ९:२३ मध्ये प्रभू वधस्तंभ ‘दररोज’ उचलायला सांगतो. तो ‘दररोज’ चाळीस वर्षं चालला तर कसा दिसतो, हे एखाद्या माणसाच्या आयुष्यातच दिसतं. पौलही ‘माझं अनुकरण करा’ म्हणतो, पण मी ख्रिस्ताचं करतो तसं, ही अट घालून (१ करिंथ ११:१). ती अट प्रत्येक मिशनऱ्यालाही लागू आहे. जिथे तो प्रभूसारखा वागला नाही, तिथे त्याचं अनुकरण करायचं नाही.

२. सुरुवात कोणापासून करावी?

मराठी वाचकाने पंडिता रमाबाईंपासून करावी. भाषा आपली, गाव पुणे जिल्ह्यातलं, आणि काम आजही केडगावला जाऊन पाहता येतं. त्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, मग बंगालमध्ये काम केलेले इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी, मग गोव्याचे जुझे वाझ. हुतात्म्यांपासून सुरुवात करू नका. पहिल्याच पुस्तकात मृत्यू आला की मनात तेवढंच चित्र राहतं आणि त्याआधीची वीस-तीस वर्षं दिसेनाशी होतात (प्र. १२ पाहा).

३. रमाबाईंच्या आयुष्यात नेमकं काय पाहायचं?

धर्मांतर, सभा, परदेशप्रवास या मोठ्या घटना सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्या पलीकडे पाहा. त्यांचे आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली आणि बायका घेऊन आल्या. उपासमार कशी असते हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. स्वतःचं जुनं दुःख त्यांनी दुसऱ्याच्या कामाला लावलं, आणि त्यागाचा हा प्रकार फार कमी लोक ओळखतात.

दुसरी गोष्ट, त्यांनी नुसती दया केली नाही. १९०० च्या सुमारास त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दीड हजारांच्या आसपास माणसं होती. एवढ्यांना रोज दोन वेळा जेवू घालायचं म्हणजे विहिरी, शेती, गुरं आणि हिशेब आला. तिथे माग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता, आणि ही कामं तिथल्या बायका शिकल्या. हातात धंदा आल्यामुळे त्यांना कोणाच्या उपकारावर जगावं लागलं नाही.

तिसरी गोष्ट भाषांतराची. साध्या बाईला समजेल असं मराठी शास्त्र व्हावं म्हणून रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकवरून भाषांतर केलं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही काम थांबलं नाही, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या. त्या शेवटच्या आठ-नऊ महिन्यांवर घाई न करता विचार करा. आई शोकात आहे, कानांनी नीट ऐकू येत नाही, आणि समोर शब्दाशब्दाने तपासायचे कागद आहेत.

४. वाचायचं कसं? वाचताना भारावून जातो, पण महिन्याने काहीच आठवत नाही.

फार वेगाने वाचल्यामुळे असं होतं. रोज दहा पानं पुरेत. अडीचशे पानांचं पुस्तक पंचवीस दिवसांत होतं. साधी शंभर पानी वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा : काय सोडलं, कोणासाठी, किंमत कोणी मोजली. रोज एकच नोंद करा, पण ती नेमकी हवी. ‘खूप त्याग केला’ अशी नोंद निरुपयोगी आहे. ‘कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवत, पण पगाराचा मोठा भाग बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनच्या सामायिक निधीत जाई’ अशी नोंद उपयोगी आहे. तिसरा रकाना रिकामा राहत असेल तर चरित्रकाराने काहीतरी गाळलं आहे असं समजा आणि दुसरं पुस्तक शोधा.

पुस्तक संपल्यावर आठ दिवस नवीन पुस्तक उघडू नका. वही पुन्हा वाचा आणि आपल्या घरात करता येईल अशी एकच गोष्ट निवडा (पैशाची असेल तर प्र. ९, वेळेची असेल तर प्र. १७).

५. आम्ही वसईचे कॅथलिक. ही यादी प्रोटेस्टंटांचीच दिसते.

तुमच्या घराजवळच दोन मोठी आयुष्यं आहेत. संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला ज्या २६ जणांना क्रूसावर मारलं त्यांत ते होते, आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं.

दुसरे संत जुझे वाझ, जन्म १६५१, गोव्यातल्या साष्टीत, बाणावलीला. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर डचांचं राज्य होतं आणि तिथल्या कॅथलिकांना पाद्री मिळत नव्हता. १६८७ मध्ये वाझ तिथे गेले, ते पाद्र्याच्या झग्यात नाही, भिकाऱ्याच्या वेशात. जाफन्यात दारोदार भीक मागत फिरताना गळ्यात जपमाळ असे, आणि ती पाहून कोणत्या घराचा चेहरा बदलतो हे ते बघत. कँडीत हेर समजून त्यांना कैद झाली. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. घरचे लोक आजाऱ्यांना सोडून गेले तेव्हा वाझ आणि त्यांचा भाचा रोग्यांना आसरा देत, धुऊन पुसून काढत, मेलेल्यांना पुरत. १७११ मध्ये ते कँडीतच वारले. २०१५ मध्ये कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं. त्यांच्यामागे कोणत्याही युरोपीय सत्तेची फौज नव्हती. प्र. १३ वाचताना हे लक्षात ठेवा.

६. मिशनरी म्हणजे गोरेच ना? आमच्यासारख्यांना त्यांत जागा कुठे?

वाझ, रमाबाई आणि नारायण वामन टिळक हे याचं उत्तरच आहेत. पण गोऱ्यांच्या चरित्रांतही आपली माणसं आहेत, ती शोधावी लागतात. कॅरींचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी कोश १८१० मध्ये आला. त्यामागे वैद्यनाथ शर्मा या पंडितांची मेहनत होती. अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचं शिक्षण त्यांच्याकडे घेतलं. घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवणाऱ्या मराठी बायकांची नावं अहवालांत अर्ध्या ओळीत येतात. वहीत त्यांना स्वतंत्र पान द्या.

७. नवऱ्याला (किंवा बायकोला) हे मान्य नाही. तरी त्यागाचं पाऊल उचलावं का?

एकट्याने उचलू नका. चरित्रांतून मिळणारा सगळ्यात महाग धडा हाच आहे.

कॅरींच्या पत्नी डोरोथी भारतात यायला तयार नव्हत्या. शेवटच्या क्षणी बहीण सोबत येणार म्हणून निघाल्या. १७९३ मध्ये बंगालमध्ये उतरल्यावर पैसे नाहीत, घर नाही, आजारपण, आणि पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर गेला. डोरोथींचं मन कोलमडलं ते कायमचं. १८०७ मध्ये त्या वारल्या. शेजारच्या खोलीत कॅरी भाषांतर करत असत. कॅरींचं काम मोठं आहे, पण त्याची किंमत डोरोथींनीही मोजली आणि ती त्यांनी स्वतः निवडली नव्हती.

टिळकांचंही पाहा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना हे घडून गेल्यावर कळलं. पुढची काही वर्षं दोघं वेगळे राहिले, आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. टिळक हातातलं देऊन टाकत, आणि घरात उद्याचं काय ही काळजी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. ‘स्मृतिचित्रे’ प्रेमाने आणि हसत लिहिलेलं पुस्तक आहे, पण तिसऱ्या रकान्यासाठी त्याच्याइतकं दुसरं काही सापडणार नाही.

व्यवहारात असं करा : जो निर्णय घरखर्च, राहण्याची जागा किंवा मुलांची शाळा बदलतो तो दोघांच्या संमतीशिवाय घ्यायचा नाही. तुमच्या स्वतःच्या ताटातलं, झोपेतलं, करमणुकीतलं मात्र लगेच सोडता येतं. तिथून सुरुवात करा.

८. आईवडील म्हातारे आहेत, आणि मला सेवेला जायचं आहे.

मार्क ७:९-१३ नीट वाचा. आईवडिलांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, म्हणून त्यांच्यापासून काढून घेणाऱ्यांना प्रभू फटकारतो. १ तीमथ्य ५:८ ही याच बाजूचं आहे. भावंडं असतील तर कोण काय करणार हे बोलून आणि लिहून ठरवा : औषधाचा खर्च, रात्रीची सोबत, दवाखान्याच्या फेऱ्या. तुम्ही एकटेच असाल तर सध्या तुमची सेवा त्या घरात आहे. लकवा झालेल्या वडिलांना दर दोन तासांनी कूस बदलून देणं आणि वाझांनी कँडीत केलेलं काम यांत आम्हाला फरक दिसत नाही.

९. पैशाचा त्याग किती करावा?

तीस हजार मासिक उत्पन्नाचं घर धरू. दशांश ३,००० रुपये. तो आधीपासून देत असाल तर तो तुमच्या सवयीत बसलेला आहे. त्यावर उत्पन्नाचे दोन टक्के, म्हणजे ६०० रुपये, असे काढा की ते कुठून गेले हे जाणवेल. बाहेरचं एक जेवण किंवा एक नेटची वर्गणी बंद करून ते काढा. शिल्लक उरली तर देऊ, असं ठेवू नका, कारण महिन्याअखेर शिल्लक उरतच नाही. पगाराच्या दिवशीच वेगळे काढा.

तीन ठिकाणी गाडी अडते. कर्ज काढून देणं : हे करू नका, कारण व्याज पुढे घरातली माणसं भरतात. फी, औषध, किराणा यांत हात घालणं : प्र. ७ पाहा. आणि दिलेल्याची वाच्यता : मत्तय ६:३ इतकं स्पष्ट आहे की जास्त बोलायला नको. दशांशही निघत नसेल तर २ करिंथ ८:१२ वाचा. जे आहे त्यावरून मोजलं जातं, जे नाही त्यावरून नाही.

१०. ही चरित्रं वाचून मला स्वतःची लाजच वाटते. काय करू?

निवडलेली चाळीस वर्षं दोनशे पानांत कोंबली की असं होणारच. कॅरी १७९३ मध्ये आले आणि त्यांच्या मिशनमधला पहिला भारतीय बाप्तिस्मा, कृष्ण पाल यांचा, डिसेंबर १८०० मध्ये झाला. मधली सात वर्षं पुस्तकात एका प्रकरणात संपतात, पण कॅरींना ती एकेक दिवस काढावी लागली. तामिळनाडूत डोनावूरला काम करणाऱ्या मिशनरी एमी कारमायकल १९३१ मध्ये पडल्या आणि १९५१ मध्ये वारेपर्यंत जवळजवळ खोलीतच राहिल्या. डोनावूरला त्यांच्या थडग्यावर शिळा नको, असं त्यांनीच सांगितलं होतं. आजारी बाईची वीस वर्षंही त्या चरित्राचा भाग आहेत.

लाज वाटून एखादी छोटी गोष्ट हातून घडत असेल तर बरं. पण झोप लागत नाही, जेवण जात नाही, ‘देवाला मी नकोच आहे’ असं दोन आठवडे वाटत राहिलं, तर पुस्तक बाजूला ठेवा. पाळकांशी बोला आणि डॉक्टरांनाही दाखवा.

११. पुस्तक वाचून नोकरी सोडावीशी वाटते. सोडू का?

निदान वर्षभर नाही. आयडा स्कडर यांना मिशनरी व्हायचंच नव्हतं. तामिळनाडूत मिशनरी डॉक्टर असलेल्या वडिलांकडे असताना एका रात्रीत तीन माणसं आली, तिघांच्याही बायका अडल्या होत्या आणि तिघांनाही पुरुष डॉक्टर चालणार नव्हता. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी सांगतात : त्या अमेरिकेला परत गेल्या, वैद्यकीय शिक्षण घेतलं, १८९९ मध्ये पदवी मिळवली, आणि १९०० मध्ये वेल्लोरला एका खाटेवर सुरुवात केली. बायकांसाठीचं वैद्यकीय विद्यालय १९१८ मध्ये निघालं. बोलावणं एका रात्रीत आलं, पण तयारीला वर्षं गेली.

तुमच्या वर्षात हे करा : कर्ज फेडा, सहा महिन्यांचा खर्च साठवा, जिथे जायचं तिथली भाषा बोलायला शिका, आणि त्याच कामाच्या ठिकाणी सुट्टीतले निदान तीस दिवस राहा. वर्षाअखेर पाळक, घरचे आणि ते काम करणारा एक अनुभवी माणूस असे तिघं काय म्हणतात ते ऐका.

१२. हुतात्म्यांच्या कथा कशा वाचाव्यात?

मागून पुढे. ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची मुलं फिलिप आणि टिमथी यांना २२-२३ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशात मनोहरपूरला गाडीत जाळलं. त्या रात्रीवर थांबू नका. स्टेन्स १९६५ मध्ये भारतात आले होते. म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ बारीपदाला कुष्ठरोग्यांच्या जखमा बांधण्यात गेला, आणि त्यातल्या बहुतेक दिवशी सांगण्यासारखं काही घडलं नसेल. मग पुढे या. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी क्षमा केली आणि त्या काही वर्षं तिथेच काम करत राहिल्या. त्यांना २००५ मध्ये पद्मश्री मिळाली.

मरणाची इच्छा धरणं आणि मरणाला न घाबरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. १ करिंथ १३:३ सांगतं की शरीर जाळायला दिलं तरी प्रीतीवाचून काही लाभ नाही. तरुणांच्या गटात हे वचन आधी वाचून मगच अशी कथा घ्या.

१३. हिंदू मित्र म्हणतात, मिशनरी साम्राज्यासोबत आले. मग त्यांच्याकडून प्रेरणा कशी घ्यायची?

मित्राचं काही अंशी खरं आहे, आणि ते आधी मान्य करा. गोव्यात कुंकळ्ळीला जुलै १५८३ मध्ये पाच जेझुइटांना (एका कॅथलिक संघाच्या मिशनऱ्यांना) गावकऱ्यांनी मारलं. चर्च त्यांना हुतात्मे मानतं. पण त्याआधी तिथली देवळं पाडली गेली होती, आणि नंतर कुंकळ्ळीच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यावर बोलणीसाठी बोलावून ठार केलं. कुंकळ्ळीत आज त्या पुढाऱ्यांचंही स्मारक आहे. तीन रकान्यांची वही इथे सगळ्यात जास्त उपयोगी पडते, कारण तिसऱ्या रकान्यात गावकऱ्यांचीही नावं लिहावी लागतात.

सगळ्यांना एकाच मापाने मोजणंही चूक. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून कॅरी डॅनिश लोकांच्या श्रीरामपुरात राहिले. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट या अमेरिकन मिशनऱ्यांनाही कंपनीने परत जायला फर्मावलं होतं. हॉल १८२६ मध्ये नाशिकला पटकीच्या रोग्यांना औषध वाटून परतत असताना त्याच रोगाने वाटेत गेले. त्यांच्या काळातल्या मिशनऱ्यांच्या लिखाणात आपल्या लोकांबद्दल तुच्छतेचे शब्दही सापडतात. ते गाळून वाचू नका. मित्रापुढे दोन्ही ठेवा, आणि त्याला जिंकायचा प्रयत्न करू नका.

१४. संदेशात ऐकलेली गोष्ट खरी आहे का, हे कसं तपासायचं?

गाव, साल आणि माणसाचं नाव मिळतं का ते पाहा. तिन्ही नसतील तर व्यासपीठावरून सांगू नका. अवतरणांची जास्त काळजी घ्या. कॅरींच्या १७९२ च्या नॉटिंगहॅमच्या संदेशातली ‘मोठ्या गोष्टींची अपेक्षा करा, मोठ्या गोष्टी करायला झटा’ ही ओळ भिंतीवर लावलेली दिसते, पण तो संदेशच मुळात राहिलेला नाही आणि ओळीचे शब्द वेगवेगळ्या पद्धतीने सांगितले जातात. तसंच ‘कॅरींनी सती बंद केली’ हेही अर्धवट आहे. १८२९ चा कायदा गव्हर्नर जनरल बेंटिंक यांचा, राममोहन रॉय यांची चळवळ त्यामागे, आणि कॅरींनी त्याचं बंगाली भाषांतर केलं. खरं एवढंच सांगितलं तरी कॅरी लहान होत नाहीत.

१५. तरुण संघात चरित्रवाचन घ्यायचं आहे. आखणी कशी करावी?

सहा आठवडे, सव्वा तास, आठ ते दहा जण. जास्त असतील तर दोन गट करा. पहिली वीस मिनिटं चरित्रातली चार-पाच पानं मोठ्याने वाचा, आळीपाळीने. मग अर्धा तास तीन रकान्यांवर बोलणं, दहा मिनिटं शांतता, पंधरा मिनिटं प्रार्थना. गटप्रमुखाने भाषण करू नये, बहुतेक गट तिथेच मोडतात. शेवटच्या दिवशी हात वर करून संकल्प घ्यायला लावणं टाळा. वाद्यं वाजत असताना घेतलेला संकल्प सोमवारी आठवत नाही. कागदावर लिहू द्या, आणि तो कागद ज्याचा त्याच्याकडे राहू द्या.

१६. लहान मुलांना काय सांगावं?

दहा वर्षांपर्यंत जाळणं, मारणं नको. कॅरी जोडे शिवायचे तेव्हा कागद एकमेकांना चिकटवून केलेला जगाचा मोठा नकाशा त्यांनी कामाच्या जागी भिंतीवर लावला होता आणि त्यावर देशांची माहिती लिहीत असत. मुलांकडून तसाच नकाशा करून घ्या. जुन्या कॅलेंडरची सहा पानं मागच्या बाजूने खळीने चिकटवली की पुरे. रोज रात्री एका जागेसाठी एका वाक्याची प्रार्थना करा. परदेशात वाढणाऱ्या मुलांना केडगाव, वसई आणि बाणावली त्यावर आधी दाखवा.

१७. चाळीस दिवसांचा संकल्प केला, बाराव्या दिवशी मोडला. आता?

संकल्प कसा लिहिला होता ते आधी तपासा. ‘गरिबांची सेवा करीन’ हा मोडणारच. ‘दर शनिवारी ४ ते ६, सरकारी दवाखान्यात ज्याच्याजवळ कोणी नाही अशा एका रोग्यापाशी बसेन, परिचारिकेला विचारूनच पाणी किंवा खाणं देईन, अमुक तारखेपर्यंत’ हा टिकतो. त्यात वेळ आहे, जागा आहे, शेवट आहे. तो माहीत असलेला एक माणूसही हवा. एकच, सगळी मंडळी नको.

आणि ११ मार्च १८१२ ची संध्याकाळ वाचा. श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागदाचा साठा, अनेक भाषांचे छपाईचे खिळे, भाषांतरांची हस्तलिखितं, कित्येक वर्षांचं काम गेलं. कॅरी कलकत्त्यात होते, त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. ढिगारा उपसल्यावर खिळे पाडायचे पोलादी ठसे आणि साचे शाबूत सापडले, आणि वितळून गोळा झालेलं शिसंही. त्याच शिशातून नवे खिळे ओतायला थोड्याच दिवसांत सुरुवात झाली. हस्तलिखितं मात्र पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहावी लागली.

तुमच्या बारा दिवसांतून काय उरलं ते वहीत लिहा : दवाखान्याची वाट माहीत झाली, वॉर्डातल्या परिचारिका ओळखू लागल्या, शनिवार मोकळा ठेवायची घरात सवय झाली. वेळ चुकीची असेल तर ४ ऐवजी ५ करा, कामावरून थकून येत असाल तर रविवार दुपार धरा. मग नवी तारीख टाका आणि त्या एका माणसाला आजच फोन करून सांगा.